गावातून शहराजवळच्या जुन्या लेआऊटमध्ये राहायला जाताना

आमचं गाव देवळी तालुक्यात. शेती तिथंच आहे, कापूस, तूर, सोयाबीन, आणि आम्ही राहतो वर्ध्याला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या जुन्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत. लेकरांच्या शाळेसाठी आलो, बहुतेक लोक त्यासाठीच येतात. दरवर्षी पाडवा झाला की गावाकडून कोणाचा ना कोणाचा फोन येतो, वहिनी तिकडं घर पाहून राहिलो, काय पाहू, कुठं पाहू, आणि मी तेच तेच सांगत बसते, म्हणून या वर्षी एकदाच सगळं नीट लिहून काढते, ज्याला लागेल त्यानं वाचावं.

आधी मी कोणत्या जागेबद्दल बोलून राहिले ते सांगते. वर्ध्याच्या भोवताल पिपरी मेघे, सिंदी मेघे, नालवाडी, म्हसाळा, बोरगाव मेघे अशी गावं आहेत. कागदावर गाव, सरपंच, ग्रामसेवक सगळं गावाचंच, पण गाडीवरून जाताना शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं हे सांगता येत नाही. यवतमाळला वाघापूर, लोहारा, वडगाव असेच होते, ते नंतर नगरपरिषदेत गेले. प्रत्येक जिल्ह्याच्या, अगदी तालुक्याच्या गावालाही अशा वस्त्या चिकटलेल्या आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाडलेले लेआऊट, आता घरांनी भरलेले. माझं म्हणणं सरळ आहे, लेकरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन जायचं असेल तर असाच भरलेला लेआऊट पाहा, घर जुनं मिळालं तरी चालेल, दोन खोल्या कमी मिळाल्या तरी चालेल.

हे मी अनुभवातून सांगते. २०१८ ला आम्ही पहिल्यांदा आलो ते एका नव्या लेआऊटमध्ये भाड्यानं. घर नवंकोरं, टाइल्स चकचकीत, भाडं कमी, मला तर लय आवडलं होतं. पूर्ण लेआऊटमध्ये घरं तीन, बाकी नुसते रोवलेले दगड आणि गाजरगवत. डिसेंबरात हे गावाला गेले होते, हरभऱ्याला पाणी द्यायला शेतातली वीज रात्रीचीच होती, आणि पोरगी तापानं फणफणली, दोन वर्षांची होती तेव्हा. १०८ ला फोन केला, गाडी निघाली पण त्यांना पत्ता काय सांगू, लेआऊटला पाटी नाही, रस्त्याला नाव नाही, खांबावर लाईट नाही. पोरीला शालीत गुंडाळून मी मेन रोडपर्यंत चालत गेले आणि मोबाईलचा टॉर्च हलवत उभी राहिले. पोरगी दोन दिवसांत बरी झाली, पण ती पाऊण तासाची रात्र मी विसरली नाही. त्यानंतर घर पाहायला गेलो की मी किचन पाहायच्या आधी शेजारचे दरवाजे मोजते.

वस्ती भरलेली आहे हे कसं ओळखायचं

एजंट सगळ्याच लेआऊटला डेव्हलप झालेला म्हणतो. तुम्ही झाडं पाहा. कडुनिंब घराच्या स्लॅबच्या वर गेला असेल तर तिथं पंधरा-वीस वर्षांपासून कोणीतरी पाणी घालून राहिलं आहे. समोरच्या खोलीत किराण्याचं छोटं दुकान आहे का, भाजीवाला गाडा घेऊन आत येतो का, सकाळी शाळेची व्हॅन कोणत्या कोपऱ्यावर थांबते, ओपन स्पेसमध्ये मारुतीचं मंदिर किंवा समाजमंदिर आहे का आणि तिथं कोणी बसतं का. भाजीवाला दोन-चार घरांसाठी आत येत नाही, त्याला धंदा परवडला पाहिजे, त्यामुळं त्याच्या गाडीवर माझा एजंटपेक्षा जास्त भरवसा आहे.

आणि एकदाच जाऊन घर ठरवू नका. तीन वेळा जा, अन् तिन्ही वेळा वेगळ्या टायमाला. एकदा मे महिन्यात भर दुपारी, एकदा चांगला जोराचा पाऊस पडून गेल्यावर, आणि एकदा कोणत्याही दिवशी संध्याकाळी साडेसहाला. संध्याकाळी गेलात की कळतं पोट्टे रस्त्यावर सायकली खेळून राहिले का, बाया एकट्या फिरायला निघतात का, खांबावरचे लाईट लागतात का. आमच्या गल्लीत त्या वेळेला ओट्यावर चार म्हाताऱ्या बसलेल्या असतात आणि कोणाचा नातू कोणत्या घरात शिरला हे त्यांना बरोबर माहीत असतं. मला ते पाहूनच वाटलं की इथं पोरगी खेळायला बाहेर सोडता येईल.

पाणी

पाण्याचं घरमालकाला विचारू नका, तो विकणारा आहे, तो चोवीस तास म्हणणारच. शेजारच्या काकूंना विचारा. आणि प्रश्न असा विचारा की नळ कितीला येतो, किती वेळ राहतो आणि मे महिन्यात किती दिवसाआड येतो. मी असं विचारलं तेव्हा काकू काही बोलल्याच नाहीत, मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथं सहा प्लास्टिकचे निळे ड्रम, दोन स्टीलच्या कोठ्या, एक जुना तांब्याचा गुंड, सगळ्यांवर झाकणं आणि झाकणांवर विटा. म्हणाल्या, "पहा बाई, आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येते, पण येते. सहाला पाच कमी असले का मी उठतो." मला तेवढं पुरलं. येणारं पाणी कमी असलं तर सोय करता येते, पाण्याचा भरवसाच नसला तर काहीच करता येत नाही.

हिशोब असा लावा. सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे गावागावातल्या नळयोजनेत, माणशी रोज ५५ लिटर धरलेलं आहे. घरात पाच माणसं असली तर दिवसाचे २७५ लिटर, एक दिवसाआड पाणी म्हणजे साडेपाचशे, आणि मे महिन्यात कूलर बादल्यावर बादल्या पितो ते वेगळं. म्हणजे ५०० ची टाकी पुरत नाही, १००० ची पाहिजे. त्यातही जमिनीत टाकं असलेलं घर मिळालं तर सोनं, कारण नळाचं पाणी जोर नसला तरी उताराने टाक्यात पडत राहतं आणि मग आपल्या मोटरनं वर चढवता येतं. नळाच्या लाईनला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर, मात्र लावू नका. तुम्ही लावला की पुढच्या चार घरांचं पाणी तुमच्याकडं ओढलं जातं, मग ते पण लावतात, मग गल्लीच्या शेवटच्या घरात थेंब जात नाही, आणि वर्षानुवर्षं तोंड न पाहणारी घरं मी या एका पंपापायी पाहिली आहेत.

बोअर असेल तर उन्हाळ्यात चालू करून पाहा, पाच मिनिटं नाही, अर्धा तास. पिण्यासाठी वापरणार असाल तर पाणी तपासून घ्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. आपल्या विदर्भात काही भागांत फ्लोराइडचा त्रास आहे आणि ते चवीवरून समजत नाही.

भिंतीच्या भेगा

आपण शेतकरी माणसं, काळी माती आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात वावरात एवढी भेग पडते की हात जाईल. तीच माती घराखाली आहे हे मात्र घर पाहताना आपण विसरतो. पाया काळ्या मातीतच थांबवला असेल, खाली मुरमापर्यंत नेला नसेल, तर घर दरवर्षी थोडं उचलतं आणि थोडं बसतं. म्हणून मे महिन्यात पाहायला जा म्हणते, भेगा तेव्हा उघड्या असतात. दिवाळीच्या आधी पुट्टी आणि रंग मारलेल्या घरात काही दिसत नाही.

खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी भेग पाहा. नुसत्या प्लास्टरची केसासारखी भेग असली तर घाबरू नका, ती बहुतेक घरांत असते. पण ज्या भेगेत रुपयाचं नाणं उभं शिरतं आणि जी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते ती प्लास्टरची नाही, तिथं मिस्त्री नाहीतर इंजिनिअर नेऊन दाखवा, त्याचे हजार-दोन हजार गेले तरी जाऊ द्या. फरशीवर एक गोटी ठेवून पाहा. दारं पावसाळ्यात फसतात का ते विचारा. कंपाउंडची भिंत वेगळी फाटली असेल तर मी ते फार मनावर घेत नाही, तिचा पाया नावालाच असतो.

पावसानंतर गेलात की नाली पाहा. जुन्या लेआऊटची ही एक खरी अडचण आहे, रस्त्यावर दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर पडतो आणि जुनी घरं रस्त्याच्या खाली जातात, मग पाणी अंगणात शिरतं. दाराच्या उंबरठ्यावर उभं राहून पाहा, रस्ता तुमच्या पायाच्या वर आहे का खाली. आमचं घर रस्त्यापासून दीड पायरी वर आहे, गल्लीतल्या एका घराचं अंगण रस्त्याच्या खाली गेलं आहे आणि त्यांना दर जुलैत दारात मातीच्या चुंगड्या म्हणजे पोती लावावी लागतात.

कागद

इथं घाई करू नका. माझा भाचा शिकलेला, तरी नमुना ८ पाहून इसार म्हणजे आगाऊ रक्कम द्यायला निघाला होता. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा आहे, कोणाकडून घरटॅक्स घ्यायचा एवढंच तो सांगतो. मालकी त्यानं सिद्ध होत नाही. मालकीसाठी विक्रीपत्र म्हणजे रजिस्ट्री पाहिजे, आणि त्याच्या मागं सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्लॉटच्या मालकीचा उतारा) आणि फेरफार (नाव बदलल्याची नोंद) जुळला पाहिजे. सातबारा घरी बसून महाभूलेख या सरकारी साईटवर पाहता येतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो. आधी कोणी कोणाला विकलं ते इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसच्या नोंदीच्या उताऱ्यावरून कळतं. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च करून घ्या, आणि तो वकील तुम्ही शोधलेला असू द्या, एजंटनं आणलेला नको.

पाहायच्या मुख्य गोष्टी सांगते. लेआऊटला एनए म्हणजे अकृषक आदेश आहे का आणि नकाशा मंजूर आहे का. आपल्याकडं शेतीचे तुकडे पाडून गुंठ्यावर विकलेले कितीतरी लेआऊट आहेत. अशांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली, पण ते आपोआप होत नाही, अर्ज करून पैसे भरून आदेश घ्यावा लागतो. मालक म्हणाला की होऊन जाईल, तर म्हणा करून द्या मग घेतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, तिथं तर पुढं पाऊलच टाकू नका, तो कायदा त्यांच्या जमिनी वाचाव्यात म्हणून आहे आणि तो तसाच पाळला पाहिजे.

आणि मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर उभे राहा. मला एकानं कोपऱ्याचा प्लॉट दाखवला होता, दोन बाजूंनी रस्ता, समोर झाड, भाव पण बरा. नकाशा मागितला तर आज देतो, उद्या देतो. मी ग्रामपंचायतीतून पाहिला. घडी घालून घालून मधून फाटलेला कागद, त्याला मागून सेलोटेप, आणि जिथं आम्ही उभे होतो तिथं हिरव्या रंगात रेषा मारून ओपन स्पेस लिहिलेलं. म्हणजे लेकरांच्या खेळायची जागा तो प्लॉट म्हणून विकून राहिला होता. मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते, ती कोणाच्याही बापाची नसते, सगळ्या वस्तीची असते. ती जागा शाबूत आहे का ते पाहिल्यावर त्या वस्तीतली माणसं किती जागी आहेत ते पण कळतं.

एक सोपी परीक्षा सांगते. गल्लीतल्या तीन-चार घरांना विचारा की घरासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं लोन मिळालं का. बँकेचा वकील कागद बारकाईनं तपासतो. सगळे म्हणत असतील की बँक नाही देत, पतसंस्थेतून घेतलं, तर कुठंतरी पाणी मुरतं.

इसारचिठ्ठी स्टॅम्पवर करा, रजिस्ट्री किती तारखेपर्यंत ते त्यात लिहा, आणि पैसे खात्यातून द्या. घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आमचं घर २०२१ ला माझ्या नावावर झालं ते त्यामुळंच. यांच्या मोठ्या भावानं विचारलं काहून बाईच्या नावानं, तर सासूबाईच म्हणाल्या, "घर तिच सांभाळते, मंग नाव कोनाचं पायजे?" रजिस्ट्री झाली की काम संपलं असं नाही. तलाठ्याकडं फेरफार, ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नाव, नळ कनेक्शन, महावितरणचं मीटर, हे सगळं नावावर करा, आणि सौदा व्हायच्या आधीच लाईट बिल आणि घरटॅक्सची थकबाकी मालकाकडून भरून घ्या, मागची बाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

हद्दवाढीचं पण विचारून ठेवा. आज ग्रामपंचायत आहे म्हणून कर कमी, उद्या गाव नगरपरिषदेत किंवा महानगरपालिकेत गेलं की कर बदलतो. अकोल्यात २०१६ च्या हद्दवाढीत भोवतालची गावं अशीच शहरात गेली. वाईट नाही ते, पण माहीत असावं.

शाळा, आणि पत्ता

शाळा किती किलोमीटर आहे यापेक्षा मधात कोणता रस्ता ओलांडावा लागतो ते पाहा. लेकराचं दप्तर पाठीवर घेऊन एकदा स्वतः चालत जा, सकाळच्या टायमाला. मधात ट्रकचा रस्ता असेल तर दीड किलोमीटर पण लांब आहे, आणि गल्लीगल्लीतून जाता येत असेल तर तीन पण जवळ. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा पाहिल्याशिवाय इंग्लिश मिडीयमची फी भरू नका, काही ठिकाणी मास्तर-मॅडम इतके जीव लावून शिकवतात की पोट्टे रविवारी पण शाळेत जायचं म्हणतात.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के जागेसाठी फॉर्म भरणार असाल तर घरापासूनचं अंतर मोजतात, जवळच्या लेकरांना आधी. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत पाहिजे आणि फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा पाहिजे. नोटरी केलेल्या कागदावर बसून राहाल तर वर्ष जाईल. आधारवरचा पत्ता, मतदार यादीसाठी फॉर्म ८, हे पण पहिल्या दोन महिन्यांत करून टाका. रेशनचं कार्ड लगेच बदललं नाही तरी धान्य इथल्या दुकानातून अंगठा लावून उचलता येतं.

उन्हाळा आणि कूलर

हे मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण आपल्याकडं दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि त्यात लहान लेकरं असतात. तापमान ४५ च्या वर, कूलर रात्रंदिवस चालू, बॉडी लोखंडाची, खाली पाणी, आणि लेकरू उघड्या पायानं. जुन्या घरात अर्थिंग बहुतेक मेलेलं असतं. राहायला जायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी टाकायला सांगा, आणि मेन बोर्डवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडते. रंगाचे पैसे पुढच्या वर्षी खर्च करा, हे आधी करा. कूलरमध्ये पाणी टाकताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन काढायची, मग पाईप लावायचा. आमच्या घरात हा नियम पाचवीतल्या पोराला पण पाठ आहे, पिन हातात धरून दाखवल्याशिवाय आजी त्याला नळ सोडू देत नाही.

पश्चिमेकडची भिंत उघडी असेल तर ती खोली रात्री बारापर्यंत तापलेली राहते. जुन्या वस्तीत त्या बाजूला बहुतेक शेजारचं घर किंवा झाड असतं, हा फायदा नव्या लेआऊटमध्ये मिळत नाही. नसेल तर कडुनिंब लावा, चार-पाच वर्षांत सावली देतो.

पावसाळ्यात शेजारचा रिकामा प्लॉट गवतानं भरला असेल तर साप निघतात. मण्यार रात्री घरात येते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं कधीकधी समजत पण नाही. जून ते ऑक्टोबर खाली झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. चावलाच तर बाहेरचं काही करत बसू नका, सरळ दवाखाना. आमच्याकडं सेवाग्राम आणि सावंगी दोन्ही मोठे दवाखाने जवळ आहेत आणि वर्ध्याला लागून राहायचा हा मोठा आधार आहे. तुमच्या ठिकाणी रात्री दोन वाजता कोणता दवाखाना उघडा असतो ते राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

शेती गावात, घर इकडं

हे नीट ठरवून घ्या, घरात भांडणं याच्यावरूनच होतात. गाव वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर घरचा माणूस रोज जाऊन येऊ शकतो, त्याच्या पलीकडं असेल तर आठवड्याचे तीन दिवस तो तिकडंच राहणार हे धरून चाला. कापूस इकडच्या घरात साठवू नका, एक ठिणगी पुरते, आणि त्यातल्या किड्यांनी लेकरांच्या अंगाला खाज सुटते. फवारणीचं औषध तर शहरातल्या घरात आणूच नका, एक रात्र पण नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गावातल्या कोठ्यात कुलूप लावून ठेवायचं. ट्रॅक्टर गल्लीत उभा करायचा असेल तर आधी समोरच्या घराला विचारा.

म्हातारी माणसं

आम्ही सगळं पाहिलं होतं, पाणी, कागद, शाळा, पण सासूबाई दिवसभर काय करतील हे कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या महिन्यात त्या सकाळी आंघोळ करून, लुगडं नेसून, दारातल्या खुर्चीवर बसायच्या आणि दुपारपर्यंत तशाच. गावात त्यांच्या दारावरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस रामराम घालायचा, इथं त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. एक दिवस त्या कापसाची पिशवी घेऊन समोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि वाती वळायला लागल्या. कोणाशी बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्या घरातली आजी बाहेर आली, बाजूला बसली, तिनं पण पिशवीतला कापूस घेतला. "कोनत्या गावच्या?" एवढंच विचारलं. आता त्या दोघी रोज मंदिरात सोबत जातात आणि आमच्या घरातल्या अर्ध्या बातम्या मला गल्लीतून कळतात.

म्हणून घर पाहताना म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, आणि त्यांना विचारा, इथं बसायला कुठं जाल? मंदिर, ओटा, झाडाखालचा बाक, काहीतरी त्यांच्या पायानं जाता येईल अशा अंतरावर पाहिजे. संडास-बाथरूम घराच्या आत आहे का, पायरी किती उंच आहे, हे तर पाहाच.

गल्लीत मिसळणं

हे पैशानं होत नाही, आणि त्याला एक वर्ष लागतं. महालक्ष्म्या बसवत असाल तर जेवणाला आजूबाजूची चार घरं बोलवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात, आमच्या गल्लीत ते अजून टिकून आहे. तुमच्या घरी एक दिवस भुलाबाई घ्या. पोरी गाणी म्हणतील आणि मग डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायला बसतील. डबा हलवून पाहतात, वास घेतात, आंबट का गोड विचारतात. आमच्याकडं पहिल्या वर्षी मी तिळाची चिक्की केली होती, एकीला पण ओळखता आलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोरीला सगळ्या गल्लीत नाव मिळालं, चिक्कीवाली. तान्हा पोळ्याला पोट्टे लाकडी नंदी घेऊन दारात येतात, त्यांच्यासाठी सुटे पैसे आणि खाऊ आधीच काढून ठेवा, रिकाम्या हातानं परत पाठवू नका.

ग्रामसभेला जा. हे मी फार मनापासून सांगते. शहराजवळच्या गावात जुने गावकरी एकीकडं आणि लेआऊटवाले दुसरीकडं असं होऊन बसतं, लेआऊटवाले ग्रामसभेला जात नाहीत आणि मग नाली झाली नाही म्हणून बोंबलतात. १०० मतदार किंवा १५ टक्के, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं आली की सभेचा कोरम भरतो. म्हणजे एका लेआऊटमधली तीस-चाळीस माणसं ठरवून गेली तर त्यांचं म्हणणं ऐकावंच लागतं. आमच्या ओपन स्पेसला कुंपण आणि दोन लाईट असेच लागले, तीन सभा गेल्या त्यात, पण लागले. घरटॅक्स वेळेवर भरलेला असला म्हणजे बोलताना आवाज पण मोकळा निघतो.

सामान कधी हलवायचं

पाडवा ते मृग, याच्या मधात. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, मग पेरणीची धावपळ आणि कोणाला फुरसत राहत नाही. आपल्या विदर्भात उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तर लेकरांना नवीन गल्लीत दोस्त करायला महिनाभर मिळतो. सामान पहाटे पाचला भरा, दहाच्या आत उतरवा, दुपारी हमालाला उन्हात उभं ठेवू नका. आधी कूलर आणि माठ लावा, मग देव, मग गॅस. कपाटं संध्याकाळी लावता येतात. जुन्या घरातला माठ घेऊन या, नव्या माठाला पाणी गार करायला दोन-चार दिवस लागतात. आम्ही तो गावातच विसरलो होतो, आणि दुपारी दोन वाजता त्याच ड्रमवाल्या काकू पदराखाली तांब्या झाकून आल्या, वरती उपडा ग्लास, आणि आत वाळा टाकलेलं पाणी.